माला-एनचं पाकीट आणि उजनीचं पाणी

"ताई, नमस्कार. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. नळाला धरणाचंच पाणी येतं. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, चौथीत. मागच्या महिन्यात तिला पाळी आली. छाती दोन वर्षांपूर्वीच भरायला लागली होती, पण अंगानं गुबगुबीत आहे म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. सासूबाई म्हणतात, बॉयलर कोंबडी आणि इंजेक्शनच्या दुधानं हे झालं. मिस्टरांच्या ग्रुपवर मेसेज आलाय की पुण्या-पिंपरीच्या बायका गर्भनिरोधक गोळ्या खातात, ते लघवीवाटे नदीत येतं, त्यानं नर मासे माद्या होतात आणि मुली लवकर मोठ्या होतात. मी स्वतः उपकेंद्रातून माला-एन घेते. मेसेज वाचल्यापासून चैन नाही. तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या, घरात कोणाला सांगितलं नाही. मिस्टर अठरा हजारांचं आरओ घ्यायचं म्हणतात. घ्यावं का? मासे बंद करावेत का? आणि हे माझ्यामुळं झालं असेल का?
– एक आई"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमच्यामुळं झालेलं नाही. का नाही याचा हिशेब खाली मांडते, पण दोन कामं त्याच्याही आधीची आहेत आणि आरओच्या तर नक्कीच आधीची.

पहिलं काम मुलीचं. आठ वर्षांच्या आत छाती भरायला लागली किंवा दहाच्या आत पाळी आली, तर मुलीला एकदा डॉक्टरांना दाखवावं असं मानतात. तुमच्या लेकीला दोन्ही लागू होतं. घाबरून जाऊ नका. या वयाच्या बहुतेक मुलींमध्ये काहीच आजार निघत नाही, मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा लवकर गेलेला असतो, एवढंच. पण थोड्या जणींमध्ये थायरॉइडचं, अंडाशयाचं किंवा मेंदूतल्या ग्रंथीचं काही निघतं, आणि ते वेळेवर कळलेलं बरं. शिवाय उंचीचा प्रश्न असतो. लवकर वयात आलेली मुलगी आधी भराभर वाढते, वर्गात सगळ्यांत उंच दिसते, घरचे खूश असतात. मग हाडांची टोकं लवकर जुळतात आणि वाढ थांबते. त्यासाठी डॉक्टर डाव्या हाताचा, मनगटापर्यंतचा एक एक्स-रे काढतात. त्यावरून हाडांचं वय कळतं. साडेनऊच्या मुलीची हाडं बारा वर्षांची दिसली, तर पुढचं लवकर ठरवावं लागतं. वयात येणं थोपवून धरणारी इंजेक्शनं असतात, महिन्याची किंवा तीन महिन्यांची. पाळी सुरू झाल्यावर त्यांचा कितपत उपयोग आहे, ते तपासूनच सांगतील.

आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, त्यांच्याकडून पुण्यातल्या मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घ्या. जाताना शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी न्या. तुम्हाला, मावशीला, आत्याला पाळी कितव्या वर्षी आली तेही विचारून ठेवा, कारण हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. हार्मोनच्या गोळ्या, मलमं मुलीच्या हाताला लागतील अशी ठेवता का, असंही विचारतील. दचकू नका, सगळ्याच आयांना विचारतात. पाकीट खाली फळीवर असेल तर आजच वर ठेवा.

दुसरं काम तुमचं. तीन आठवडे गोळ्या बंद आहेत आणि घरात कोणाला माहीत नाही, म्हणजे दुसरी काही काळजीही घेतलेली नसणार. उद्याच उपकेंद्रातल्या सिस्टरांना किंवा आशाताईंना गाठा. पाळी चुकली असेल तर त्यांच्याकडच्या निश्चय किटवर तपासून घ्या. नसेल तर पुन्हा गोळ्या कधीपासून सुरू करायच्या आणि तोवर काय वापरायचं ते विचारा. माला-एन आता नकोच वाटत असेल, तर सरकारकडूनच 'छाया' मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ती गोळी, तिच्यात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पण मेसेजच्या धाकानं गोळी बदलायची गरज नाही, हे नक्की सांगते.

आता हिशेब. माला-एनच्या एका गोळीत इथिनिल इस्ट्रॅडिऑल नावाचं बनावट इस्ट्रोजेन असतं, ०.०३ मिलिग्रॅम. नदीच्या पाण्यात हे हार्मोन नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम, म्हणजे तुमची एक गोळी झाली ३०,००० नॅनोग्रॅमची. युरोपीय संघानं २०२२ साली पिण्याच्या पाण्यातल्या इस्ट्रॅडिऑलसाठी, म्हणजे शरीरात बनणाऱ्या नैसर्गिक इस्ट्रोजेनसाठी, लिटरमागे १ नॅनोग्रॅम ही लक्ष ठेवायची पातळी ठरवली. तेवढंच बनावट इस्ट्रोजेन तुमच्या नळाला येतं असं समजू. मुलगी दिवसाला दोन लिटर पाणी प्याली, तर तिच्या पोटात दोन नॅनोग्रॅम गेलं. एका गोळीएवढं जायला १५,००० दिवस लागतील. म्हणजे ४१ वर्षं.

उलटा हिशेबही करून पाहिला. उजनी भरली की ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी. तेवढ्या पाण्यात लिटरला एक नॅनोग्रॅम आणायचं तर सव्वातीन किलोच्या वर शुद्ध हार्मोन लागेल, म्हणजे अकरा कोटी गोळ्या, त्याही खाल्लेल्या नव्हेत, थेट धरणात ओतलेल्या. खाल्लेल्या गोळीतलं निम्म्याहून कितीतरी कमी जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि आपल्याकडं गोळ्या खातं तरी कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण ५ टक्के गोळ्या घेत होत्या आणि ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. तो मेसेज लिहिणाऱ्याला हा शेवटचा आकडा जरूर पाठवा.

धरण मे महिन्यात वजा टक्क्यांत गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की पाणी उरतं कुठं, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पातळ व्हायला पाणी नसलं की प्रमाण वाढतं, आणि उन्हाळ्यात पुण्याच्या खाली नदीत जे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच असतं. वर लिहिलेला हिशेब धरणाचा आहे, त्या नदीचा नव्हे. शिवाय लहान वयात थोड्याशा हार्मोनचा आणि अनेक रसायनं एकत्र आली की त्यांचा काय परिणाम होतो, यावर शास्त्रज्ञांत वाद चालूच आहेत. म्हणून पाण्यात काहीच नाही, असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली पिण्याच्या पाण्यातल्या औषधांच्या अंशांचा आढावा घेतला, तेव्हा इतक्या कमी प्रमाणात माणसाला अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे, असंच त्यांचं मत पडलं.

माशांचं मात्र खरं आहे, आणि ती हकिकत तुम्हाला नीट माहीत असावी, कारण मेसेजवाल्यानं तिच्यातलंच अर्धं उचललंय. १९७०च्या दशकाच्या शेवटी लंडनजवळच्या ली नदीत गळ टाकणाऱ्यांना रोच जातीचे विचित्र मासे सापडू लागले, नराच्या वृषणात अंडी. मग ब्रुनेल विद्यापीठाच्या जॉन सम्प्टर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रयोग केला. सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पिंजरे सोडले, पिंजऱ्यांत नर ट्राउट मासे. काही आठवड्यांनी रक्त तपासलं, तर नरांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन भरलेलं. अंड्याचा बलक ज्याचा बनतो ते प्रथिन. मादीचं यकृत इस्ट्रोजेन मिळालं की ते बनवतं. नराकडं सोय असते, पण हुकूम कधी येत नाही. इथं पाण्यातून हुकूम आला होता. १९९८ साली सुझन जोबलिंग यांच्या पाहणीत ब्रिटनमधल्या अनेक नद्यांत अशी मिश्र लिंगाची रोच सापडली.

आणखी एक प्रयोग कॅनडात, ओंटारियोच्या जंगलात. तिथं अभ्यासासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. कॅरन किड यांच्या गटानं २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात गोळीतलंच इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांत परतले.

माशाला इतकं आणि आपल्याला नाही, असं कसं? मासा त्या पाण्यात चोवीस तास असतो, कल्ल्यांतून ते सतत रक्तात घेतो, आणि त्याचं लिंग घडण्याचा नाजूक काळही त्याच पाण्यात जातो. आपण दोन लिटर पितो, ते पोटातून यकृतात जातं, आणि यकृत बरंचसं मोडून टाकतं.

मेसेजवाल्यानं न सांगितलेलं अर्धं आता ऐका. इंग्लंडच्या त्या सांडपाण्याचं पृथक्करण केलं, तेव्हा गोळीतल्या हार्मोनबरोबर इस्ट्रॅडिऑल आणि इस्ट्रोन ही नैसर्गिक हार्मोन्सही सापडली. ती सगळ्यांच्या लघवीत असतात. तुमच्या, तुमच्या मिस्टरांच्या, ग्रुपच्या ॲडमिनच्या. बाई गरोदर असली की शेवटच्या महिन्यांत दिवसाला कित्येक मिलिग्रॅम इस्ट्रोजेन बाहेर टाकते, सौम्य जातीचं असतं, पण गोळीच्या कितीतरी पट. गाभण गायही टाकते, आणि तुमचा पट्टा दुधाचा आहे. शरीर मात्र हे हार्मोन मोकळं सोडत नाही. यकृत त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निकामी करतं आणि मगच लघवीत सोडतं. गटारात गेल्यावर तिथले जिवाणू, विष्ठेतला ई. कोलाय त्यांत आलाच, जोडलेला तुकडा तोडून खातात, आणि हार्मोन पुन्हा जिवंत होतं. नदीत गटार सोडलं की हे सगळं आपोआप घडतं, गोळी कोणी खाल्ली असो नसो.

गोळीतलं हार्मोन जास्त चिवट असतं, हे खरं. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल तोंडावाटे घेतलं तर यकृत लगेच फडशा पाडतं, म्हणून १९३०च्या दशकात जर्मन रसायनतज्ज्ञांनी त्याला एक जोड दिली, यकृतातून टिकून जावं म्हणून. तीच जोड नदीतही टिकते.

आणि इस्ट्रोजेनचं सोंग घेणारी कारखान्यांची रसायनं वेगळीच. इंग्लंडमध्येच यॉर्कशरच्या एअर नदीत नर ट्राउटच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडलं, तेव्हा माग लागला लोकर धुण्याच्या गिरण्यांपर्यंत. त्या वापरत असलेल्या धुलाई रसायनातून नोनिलफेनॉल तयार होऊन नदीत जात होतं. गिरण्यांनी ते रसायन बदललं आणि माशांवरचा परिणाम कमी झाला. कुठल्याही बाईला काही बंद करावं लागलं नाही.

मग मुलींना पाळी लवकर का येते? वजन, खाणं, घराणं ही ठरलेली कारणं. कोविडच्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि पुण्यातल्याही डॉक्टरांनी अशा मुली जास्त येऊ लागल्याची नोंद केली. नदी तीच होती. मुली घरात बसल्या होत्या, वजनं वाढली होती, झोपेचं तंत्र बिघडलं होतं. नेमकं एकच कारण कोणी छाती ठोकून सांगितलेलं नाही. पण तुम्ही लिहिलंय की मुलगी गुबगुबीत आहे, आणि मी डॉक्टर असते तर सुरुवात तिथून केली असती. चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन बनवतात. बिस्किटं, कुरकुऱ्यांची पाकिटं, थंडपेयं कमी करा, संध्याकाळी तासभर पळू-खेळू द्या. तिला उपाशी ठेवू नका आणि वजनावरून टोचून तर मुळीच बोलू नका.

सासूबाईंनाही उत्तर द्यायला हवं. बॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत तयार होते ती जात आणि खाद्य यांमुळं. लाखो पिल्लांना हार्मोनची इंजेक्शनं टोचत बसणं कोणत्याच पोल्ट्रीवाल्याला परवडणारं नाही. दुधासाठी गाईला टोचतात ते ऑक्सिटोसिन, ते प्रथिनाच्या जातीचं, पोटात पचून जातं, आणि त्याचा वयात येण्याशी संबंध नाही. जनावराला त्रास होतो, म्हणून ते वाईटच. घरात खरोखर बदलण्यासारखं काही असेल तर ते गरम जेवण आणि प्लॅस्टिक. उकळतं वरण प्लॅस्टिकच्या डब्यात, गरम चहा पातळ पिशवीत, हे बंद करा. स्टीलचा डबा द्या.

आता आरओ. त्याची जाळी आणि आतला कोळसा, दोन्ही हार्मोन बऱ्यापैकी अडवतात. पण अठरा हजारांनंतर दरवर्षी कोळसा आणि जाळी बदलण्याचा खर्च असतो, वेळेवर बदलली नाही तर अडवणं थांबतं, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून टाकी घाण असली की जंतू वाढतात. बोअरचं खारं पाणी पीत असता तर मी घ्या म्हटलं असतं. धरणाच्या पाण्याला कोळशाचा साधा फिल्टर पुरे, तोही मन मानत नसेल तरच. पाणी उकळून हार्मोन जात नाही, पण उलट्या-जुलाब टळतात, म्हणून पावसाळ्यात उकळाच. अठरा हजार बाजूला ठेवा. डॉक्टर, एक्स-रे, रक्ततपासण्या आणि पुण्याच्या फेऱ्या यांना लागतील.

मासे खा. चिलापी असो की मरळ, मुलीला प्रथिनं हवीच आहेत. आठवड्यातून एक-दोनदा, चरबीचा आणि पोटातला भाग काढून, नीट शिजवून. पाण्यावर हिरवा दाट तवंग आलेला असेल त्या दिवसांत मात्र त्या जागचे मासे नकोत आणि ते पाणीही नको. तो शेवाळाचा विषारी प्रकार असू शकतो, आणि माझ्या मते तुमच्या गावाला हार्मोनपेक्षा त्याची भीती जास्त आहे.

मिस्टरांच्या रागाला जागा हवी असेल तर ग्रामपंचायतीत आहे. गावाच्या जलसुरक्षकाकडं ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रवाची, बाटली असते. शेवटच्या घराच्या नळाचं पाणी घेऊन थेंब टाकायला सांगा, पिवळा रंग आला पाहिजे. नाही आला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली नाही किंवा पुरली नाही. क्लोरीन जंतू तर मारतोच, इस्ट्रोजेनचा रेणूही बराचसा निकामी करतो, तेही काही रुपयांत. पाण्याला धोका किती हे पाहून जिल्हा परिषद कार्ड देते, पंचायतीला यंदा हिरवं मिळालं की पिवळं, तेही विचारा. हार्मोनच्या तपासणीची मागणी करू नका. त्याला लागणारी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असतात, खर्च फार, आणि आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात इस्ट्रोजेनची ओळच नाही, त्यामुळं आकडा आला तरी तो कशाशी ताडणार?

वरच्या अंगाला काय चाललंय, हे मात्र विचारत राहावं लागेल. पुणे स्वतः पितं खडकवासल्याच्या वरचं पाणी, आणि खाली सोडतं ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तुमच्याकडं. जपानी कर्जातून ११ सांडपाणी केंद्रं उभी करायची, रोज ३९६ दशलक्ष लिटर शुद्ध करायचं, अशी योजना २०१६ साली मंजूर झाली आणि वर्षानुवर्षं रखडत राहिली. नीट चालवलेलं साधं केंद्रही, हवा सोडून जिवाणू पोसणारं, नैसर्गिक इस्ट्रोजेनचा मोठा वाटा खाऊन टाकतं. चालवलं तर. वीज नसते, पंप बंद असतो, पाणी तसंच पुढं जातं. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून त्यापुढची पायरी, ओझोन किंवा कोळसा, शंभरेक केंद्रांना लागू केली आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकारले. युरोपीय संघानं २०२४ च्या कायद्यात त्या पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. आपण अजून जिवाणू पोसायच्या दुसऱ्याच पायरीवर अडखळतोय. पुढच्या ग्रामसभेत, पुण्याहून येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, किती हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावं, असा ठराव मिस्टरांनी मांडावा. ग्रुपवर तो फॉरवर्ड झाला तर बरंच.

मेसेज घरात मोठ्यानं वाचला गेला असेल, तर मुलीनंही तो ऐकला असणार. तिला सांगा की तिच्यात काही बिघडलेलं नाही, मैत्रिणींनाही हे व्हायचंच आहे, तिला जरा आधी झालं. वर्गशिक्षिकांना विश्वासात घ्या, दप्तरात दोन पॅड, एक जास्तीची निकर आणि कागदी पिशवी ठेवा. खराब पॅड कुठं टाकायचं ते शाळेत एकदा जाऊन स्वतः पाहून या, चौथीच्या वर्गांजवळ त्याची सोय बहुधा नसते. आणि हाडांचं वय किती निघालं ते मला कळवा.